टँक २ : निळ्या टिंकच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, आइंडहोवन, नेदरलँड

मी डार्ट फ्रॉग म्हणजे छोटे रंगीत बेडूक पाळते. टँक १ मधले त्यातले ऑरेटस मजेत आहेत, खातात, पानाखाली बसतात, कधीतरी काचेवर चढून आमच्याकडे बघतात, बाकी उद्योग काही नाही. तर आता टँक २. ह्या वेळी ठरवून वीण घ्यायची, म्हणून एकच जोडी, आणि जात तीच जिचा फोटो सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेला असतो: डेंड्रोबेटिस टिंक्टोरियस, त्यातला निळा अझ्युरिअस. हॉबीवाले टिंक्टोरियसला नुसतं टिंक म्हणतात, मी पण पुढे तेच लिहीन.

काचेचा टँक ६० बाय ४५ बाय ४५ सेंमी. तळाला भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा पाचेक सेंमी थर, त्यावर जाळी, त्यावर माती. माती म्हणजे खरं तर माती नाहीच, अटलांटा बोटॅनिकल गार्डनचं मिश्रण आहे, सगळे त्याला एबीजी मिक्स म्हणतात, ट्री फर्नचे तंतू, पीट, स्फॅग्नम, ऑर्किडला वापरतात ती साल आणि लाकडी कोळसा. रोज पाणी मारलं तरी ह्याचा चिखल होत नाही, आत हवा खेळती राहते आणि जास्तीचं पाणी खाली गोळ्यांमधे उतरतं. कुंडीतली साधी माती टाकली तर थोड्याच महिन्यांत टँकला गटाराचा वास येतो. वरची जाळी बरीचशी काचेने झाकून टाकली, कारण इथे हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की खोलीतली आर्द्रता ३५-४० टक्क्यांवर येते आणि आत मला ८० च्या वर पाहिजे.

पाण्याचं मात्र सुख आहे. नेदरलँडमधे नळाच्या पाण्यात क्लोरीन नसतं त्यामुळे ते घालवायची भानगड नाही, पण क्षार आहेत आणि काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून मिस्टिंगला, म्हणजे बारीक फवाऱ्याला, पावसाचं पाणी. ते इथे कमी पडण्याचा प्रश्नच नाही.

तळाला पानांचा जाड थर हवाच. बीच आणि ओकची पानं जंगलातून गोळा करून उकळून घेतली. त्याच्या जोडीला बदामाची वाळलेली पानं विकत आणली, आपल्याकडचा देशी बदाम, ज्याची पानं शाळेच्या मैदानावरून झाडून पेटवून द्यायचे, ती इथे दहा पानांचं पाकीट करून विकतात आणि आपण मुकाट्याने पैसे देतो. पाण्यात टाकली की चहासारखा रंग उतरतो, टॅनिन असतं, बुरशी थोडी आटोक्यात राहते. बेडूकमाशांसाठी पुढे लागणारच आहेत.

२० ऑक्टोबर

झाडं लावली. निओरेगेलिया जातीची तीन छोटी ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली, पानांमधे पाणी साठवणारी), मागच्या कॉर्कवर चढायला फायकस पुमिला, आणि मनीप्लँटची एक फांदी, कारण तो कुठेही जगतो. स्प्रिंगटेल हे अगदी बारीक किडे सोडले, छोटे पांढरे आयसोपॉड (जमिनीवरचे बारीक कवचधारी) सोडले. हे दोघं बुरशी, सडकी पानं आणि बेडकांची विष्ठा खातात आणि बेडूक ह्यांना खातात. आता महिनाभर तरी टँक रिकामा. लोकांना इथेच धीर धरवत नाही, टँक सकाळी लावला की संध्याकाळी बेडूक पाहिजेत, आणि मग पहिल्या पंधरा दिवसांत लाकडावर पांढऱ्या बुरशीचा कापूस आला की घाबरून प्रश्न विचारत बसतात. ती येतेच. स्प्रिंगटेल वाढले की जाते.

३ नोव्हेंबर

आज फक्त चिलटं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बेडूक पाळणं अवघड, तर बेडूक पाळणं अजिबात अवघड नाही, चिलटं पाळणं अवघड आहे. डार्ट फ्रॉगचं तोंड छोटं, मेलेलं काही खात नाही, हललं तरच दिसतं. म्हणजे रोज, सणवार सुट्टी काही न बघता, जिवंत आणि बारीक खाणं लागतं. ते म्हणजे ड्रोसोफिला. दोन जाती ठेवते. मेलॅनोगॅस्टर लहान, २५ अंशाला अंड्यापासून दहाएक दिवसांत चिलट, माझ्या घरच्या तापमानाला दोन आठवडे लागतात. हायडेई मोठी, मोठ्या बेडकाचं पोट भरतं, पण तिला तीन आठवड्यांच्या वर लागतात आणि रुसली की येतच नाही.

मेलॅनोगॅस्टर न उडणारी घेतलीये, खुरटलेल्या पंखांची. हे म्युटेशन शंभरएक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन ह्या जनुकशास्त्रज्ञाच्या लॅबमधे सापडलेलं, ज्या चिलटांवर गुणसूत्रांचं सगळं शास्त्र उभं राहिलं त्यांचेच वंशज माझ्या किचनच्या फळीवर. गंमत अशी की कल्चर, म्हणजे चिलटं वाढवायचा डबा, खूप गरम ठेवलं, ३० च्या आसपास, तर ह्यांचे पंख बऱ्यापैकी वाढतात. आणि दुसरा धोका म्हणजे केळ्यावरचं घरातलं साधं चिलट डब्यात शिरलं तर पुढच्या पिढीत उडणारी निघतात, असं कल्चर सरळ फ्रीजरमधे टाकायचं आणि मग फेकायचं, वाचवायला जायचं नाही.

मीडिया, म्हणजे चिलटांचं खाद्य : बटाट्याचे फ्लेक्स तीन वाट्या, पिठीसाखर अर्धी वाटी, ब्रुअर्स यीस्ट अर्धी वाटी, दालचिनी पूड एक मोठा चमचा बुरशीसाठी. डब्यात ह्याचं कोरडं मिश्रण आणि तेवढंच पाणी-व्हिनेगर, फुगलं की वर बेकिंग यीस्टचे चार दाणे, चढायला कॉफी फिल्टरचे चुरगळलेले कागद, आणि पन्नासेक चिलटं. लॅबवाले बुरशीला निपाजिन घालतात, मी अजून तरी दालचिनीवर भागवतेय. झाकणावर तारीख लिहायचीच. दर रविवारी नवीन दोन डबे, जुने वाहत असले तरी लावायचे, कारण आज लावलेल्या डब्याचं फळ दोन आठवड्यांनी मिळतं आणि तेव्हा आठवून उपयोग नसतो. महिन्याच्या वरचा डबा बाहेर, त्यात माइट्स (कोळ्याच्या जातीतले बारीक जीव) होतात आणि एका डब्यातून सगळ्या फळीवर पसरतात.

नवऱ्याने फळीला परवानगी दिली आहे एका अटीवर, फळी वॉशिंग मशीनच्या खोलीत जाणार. मान्य.

२३ नोव्हेंबर

जोडी आणली. ब्रेडाच्या बाजूला राहणारे एक काका आहेत, रिटायर्ड, सुरीनामी हिंदुस्तानी, वाढलेले सुरीनाममधल्या निकेरीला. त्यांच्याशी बोलणं म्हणजे मजा, ते सरनामी, म्हणजे सुरीनामची हिंदुस्तानी, बोलतात, मी बंबईया हिंदी, बेडकांची नावं लॅटिनमधे आणि भाव डचमधे. त्यांचे पूर्वज १८७३ नंतर कलकत्त्याहून बोटीने ऊस तोडायला सुरीनामला गेले आणि हा निळा बेडूक पण मूळचा तिथलाच, दक्षिण सुरीनाममधल्या सिपालिविनी सवानामधे मधे मधे जी जंगलाची बेटं आहेत तिथला. काका स्वतः तिथे कधी गेले नाहीत, "वहाँ कौन जाता है बेटी, प्लेन लगता है" म्हणे.

लायडनच्या म्युझियममधल्या हूगमुडने १९६९ मधे ह्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं, २००६ मधे जनुकं तपासल्यावर कळलं की हा टिंक्टोरियसचाच एक रंग आहे. शास्त्रज्ञांनी नाव काढलं तरी हॉबीत लाइन, म्हणजे वंश, वेगळीच ठेवतात, अझ्युरिअस दुसऱ्या टिंकबरोबर ठेवायचा नाही, संकर विकायचा नाही. मला हे पटतं. एकदा मिसळलं की ते परत वेगळं करता येत नाही.

लहान पिल्लं स्वस्त मिळतात पण नर-मादी कळत नाही, आणि टिंकमधे दोन माद्या आल्या तर एकमेकींना दाबून धरून कुस्ती खेळतात, हरलेली खाणं सोडते आणि बारीक होत जाते. म्हणून जरा मोठी, ओळखता येणारी जोडी घेतली. नराच्या पुढच्या पायांच्या बोटांची टोकं रुंद, वरून कापलेल्या बदामाच्या आकाराची, मादी अंगाने मोठी आणि पाठीला बाक. नर साधारण साडेतीन सेंमी, मादी चारच्या वर.

कागद घेतला. डेंड्रोबेटिस आणि फायलोबेटिस १९८७ पासून साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, युरोपात ते परिशिष्ट ब, म्हणजे बंदिवासात जन्मलेला आहे आणि कुणाकडून आला हे दाखवता आलं पाहिजे. पालकांची लाइन, जन्माची तारीख, दोघांच्या सह्या. अर्ध्या पानाचा कागद पण तो नसेल तर पुढे पिल्लं कुणाला देता येत नाहीत.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल.

"अगं विषारी ना ते? घरात लहान मूल आहे!"

तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कारण प्रत्येक जण हेच विचारतो. ह्यांचं विष ते स्वतः तयार करत नाहीत, रानातल्या मुंग्या आणि माइट्समधून आलेली अल्कलॉइड कातडीत साठवतात. बटाट्याच्या फ्लेक्सवर वाढलेली चिलटं खाणाऱ्या बेडकात ते येणार कुठून, आणि अंड्यापासून घरात वाढलेला तर जन्मापासून निर्विष. आणि बाणाला विष लावायची जी गोष्ट आहे ती टिंकची नाहीच, ती कोलंबियातल्या एंबेरा लोकांची आणि फायलोबेटिसच्या तीनच जातींची, त्यात सगळ्यात भयंकर तो सोनेरी टेरिबिलिस, त्याचं वर्णन १९७८ मधे झालं. बाकी दोनशेच्या आसपास जाती उगीच बदनाम. आईचं शेवटचं वाक्य, "तरी हात धुत जा." बरोबर आहे, धुतेच, पण बेडकासाठी, माझ्या हातावरचं साबण-क्रीम त्याच्या कातडीतून आत जातं.

जोडी सध्या क्वारंटाइनमधे, प्लॅस्टिकचा डबा, ओला टिश्यू पेपर, एक पान, एक लपायची जागा. टँकमधे अजून नाही.

१५ डिसेंबर

विष्ठेचा नमुना आणि स्वॅब लॅबला गेला. स्वॅब कायट्रिड बुरशीसाठी. जिने जगभर बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या ती ही, नाव बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबेटिडिस, आणि त्यातलं डेंड्रोबेटिडिस आलं ते ह्याच निळ्या बेडकावरून. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधे अझ्युरिअस मरत होते, त्यांच्या कातडीतून ती वेगळी काढली आणि १९९९ मधे लाँगकोर, पेसियर आणि निकोल्स ह्यांनी वर्णन केलं. ज्या जातीवरून नाव पडलं तीच घरी आणताना टेस्ट करायची नाही म्हणजे कमाल आहे, पण बहुतेक लोक करत नाहीत, "ब्रीडर ओळखीचा आहे" म्हणतात. माझा पण ओळखीचाच आहे.

४ जानेवारी २०२५

कायट्रिड निगेटिव्ह, विष्ठेत विशेष काही नाही. दोघं टँकमधे. पाच मिनिटं स्तब्ध, मग मादी सरळ पुढे चालत येऊन स्प्रिंगटेल वेचायला लागली. टिंक बिनधास्त असतात, दिवसा फिरतात, हा ह्यांचा मोठा गुण. ऑरेटस दिसायला मी जेवढी वाट बघितली आहे तेवढी कुठल्या ट्रेनची नाही बघितली.

दिवसा २३-२४, रात्री २०. वेगळा हीटर नाही, एलईडीनेच तेवढं होतं, दिवे १२ तास.

२ फेब्रुवारी

पावडरबद्दल. चिलटात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. म्हणून कपात पावडर, त्यात चिलटं, गोल फिरवायचं आणि रव्यात घोळवलेल्या सुरमईसारखी पांढरी झाली की टँकमधे. कॅल्शियम आणि डी३ असलेली पावडर रोजच्या खाण्याला, आणि महिन्यातून दोनदा व्हिटॅमिन ए असलेली, ते पण तयार रेटिनॉल, कारण गाजरातलं कॅरोटीन बेडकाला नीट वापरता येत नाही. ए कमी पडलं की जीभ माशीला चिकटत नाही, बेडूक झडप घालतो आणि रिकामा येतो. अंड्यांवरही परिणाम होतो. पावडरचा डबा उघडल्यावर सहा महिन्यांत संपवायचा नाहीतर फेकायचा, आणि इथे कंजूषपणा करणारे लोक दोन-दोन वर्षं तोच डबा वापरतात. बेडकावर शेकड्यांनी खर्च आणि पावडरवर हात आखडता.

चॅटवर एकाने ओफॅगा ऑफर केले, कागद "नंतर देतो". ओफॅगा म्हणजे ज्यांची मादी बेडूकमाशांना स्वतःची निष्फळ अंडी खायला घालते, दुसरं काही ते खात नाहीत, त्यामुळे घरात वाढवणं कठीण, म्हणून महाग, म्हणून चोरी. लेहमानीसारखी जात कोलंबियातल्या काहीच दऱ्यांत होती, ती ह्याच पायी संपत आली. इवान लोसानोने तिथे टेसोरोस दे कोलंबिया काढलं ते ह्यालाच उत्तर म्हणून, तिथेच पैदास करायची, परवाने घेऊन कायदेशीर निर्यात करायची, म्हणजे चोरट्याचा भाव पडतो. कागद "नंतर" येत नसतो. ब्लॉक केलं.

१ मार्च

नराचा आवाज आला! टिंकचा आवाज म्हणजे अगदी हळू घरघर, शेजारच्या खोलीत फोन व्हायब्रेट होतोय असं वाटतं, मी फोन शोधत होते. मादी त्याच्या मागे मागे, पुढच्या पायाने त्याची पाठ थोपटते, तो चार पावलं पुढे जातो, थांबतो, ती परत थोपटते. टिंकमधे पुढाकार तिचा. दुपारभर चाललं.

अंडी घालायला जागा म्हणजे नारळाची करवंटी, उपडी, एका बाजूला दार कापलेलं, आत पेट्री डिश. दुकानात "कोको हट" म्हणून मिळते. मी इथल्या भारतीय दुकानातून नारळ आणला, खोबरं ओल्या वाटण्यात गेलं, करवंटी हॅकसॉने कापली, उकळली. शेंडी तशीच ठेवलीये, आतून अंधार आणि दमटपणा छान राहतो.

९ मार्च

पहिली अंडी, चार. १२ तारखेपर्यंत चारही पांढरी आणि बुरशी. नवीन जोडीचं असंच होतं, नराला नीट फळवताच येत नाही. डिश धुवून परत ठेवली.

२३ मार्च

पाच अंडी, ह्या वेळी तीन नक्की फळली आहेत, करडा ठिपका स्पष्ट, चौथ्या दिवशी ठिपक्याची लांबट घडी होईल.

आता वाद. अंडी काढून आपण वाढवायची की बापाकडे सोडायची? रूढ पद्धत म्हणजे डिश काढायची, झाकण लावून ओलसर ठेवायची, जास्त पिल्लं वाचतात. दुसरी बाजू म्हणते की बाप रोज येतो, अंडी ओली करतो, त्याला ते येतं, आणि सतत अंडी उचलली की मादी दहा-दहा दिवसांनी घालत राहते आणि थकते. मी दोन्ही करणार. हा बॅच बाहेर, पुढचा आत. विकायला पिल्लं काढायची असती तर प्रश्नच नव्हता, सगळी बाहेर. पण ह्या बेडकाचं सगळ्यात बघण्यासारखं काम म्हणजे बापाचं, आणि ते डिशबरोबर बाहेर काढून ठेवलं तर मग मी टँकमधे काय बघणार?

८ एप्रिल

तीन बेडूकमासे जेलीतून बाहेर. तीन वेगळे कप, कारण टिंकचे बेडूकमासे एकमेकांना खातात, भावंडं वगैरे काही नाही. कपात पावसाचं पाणी आणि बदामाच्या पानांचा काढा, अर्धं पान, थोडं जावा मॉस. खाणं स्पिरुलिना आणि माशांच्या फ्लेक्सची पूड, चिमटीपेक्षा कमी, आठवड्यातून तीनदा. उरलेलं खाणं पाणी नासवतं, भुकेने मेलेला बेडूकमासा मी अजून ऐकला नाही, घाण पाण्याने मेलेले खूप.

२० एप्रिल

परत अंडी, सहा. आत सोडली. करवंटीला हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलंय.

आई आली आहे तीन महिन्यांसाठी. टँकसमोर खुर्ची टाकून बसते. चिलटं बघून म्हणाली "आपल्याकडे ह्यांना मारायला धूप घालतात." आणि कपांतले बेडूकमासे रोज मोजते, कुठे जाणार आहेत ते.

६ मे

दिसला!! नराच्या पाठीवर दोन बेडूकमासे, काळे, शेपट्या खाली लोंबतायत, आणि साहेब त्यांना घेऊन सगळा टँक फिरतायत. ब्रोमेलियाडच्या पानांमधल्या पाण्यात पाठ बुडवून बघितली, आवडलं नाही, बाहेर. दुसऱ्यात, बाहेर. शेवटी संध्याकाळपर्यंत एक ब्रोमेलियाडमधे आणि एक कोपऱ्यातल्या पाण्याच्या वाटीत.

रानात हे लोक कुठल्या थराला जातात ते वाचून चाट पडायला होतं. फ्रेंच गयानामधे जमिनीवर राहणाऱ्या ह्या चार सेंमीच्या बेडकाचे बेडूकमासे वीस मीटर उंच झाडाच्या ढोलीतल्या पाण्यातही सापडलेत, म्हणजे पाठीवर पोर घेऊन हा सात मजले चढला. आणि बिबियाना रोहासने २०१४ मधे लिहिलंय की आधीच मोठा, दुसऱ्याला खाणारा बेडूकमासा ज्या पाण्यात आहे तिथेच बाप आपलं पोर सोडतो. ऐकायला वेडेपणा, पण मोठा तिथे टिकलाय म्हणजे ते पाणी आटत नाही ह्याची ती खूण असू शकते. बापाचा हिशोब म्हणजे मोठा जुगार. आमच्याकडे दोन दिवसांनी तिसरा आणला तो त्याच वाटीत सोडला, आणि शुक्रवारपर्यंत वाटीत एकच होता.

आईचं मत, "बापाला वाटी दाखवायची ना दुसरी." दुसरी वाटी ठेवली.

१७ जून

बाहेरच्या बॅचमधला पहिला. मागचे पाय केव्हाच आले होते, पुढचे आज एकदम दोन्ही, कोपरापासून फुटून आल्यासारखे. आता पाणी कमी, कप तिरका, मॉसचा उतार, कारण ह्या दिवसांत कल्ले जिरतात, श्वास फुप्फुसांवर येतो आणि चढायला जागा नसेल तर बुडून मरतात. शेपूट जिरेपर्यंत खात नाही, शेपूटच त्याचं जेवण.

२२ जून

दुसरा ठीक. तिसऱ्याचे पुढचे पाय काडीसारखे, अंग उचलत नाही. स्पिंडली लेग. कशामुळे ह्याच्यावर भांडणं आहेत, आईबापाच्या आहारात कमतरता, पाणी, तापमान, सगळ्यांचे आपापले सिद्धांत, आणि नवीन जोडीच्या पहिल्या बॅचेसमधे जास्त दिसतो हे सगळ्यांचं एकमत. ह्यावर उपाय नाही. असं पिल्लू खाऊ शकत नाही आणि हळूहळू उपाशी मरतं. वाट न बघता व्हेटकडे नेलं, त्यांनी झोपवलं. काही लोक "निसर्गावर सोडतो" म्हणून कपात ठेवतात, काचेच्या कपात कसला निसर्ग.

१ जुलै

बाहेर ३५ च्या आसपास, उद्याही तेच. डच घरं ऊन आत घ्यायला बांधलेली, बाहेर सोडायला नाही, आणि एसी फार थोड्यांकडे. हे बेडूक थंडी सोसतात, १८ अंशाला नुसते मंद होतात, पण ३० च्या वर काही तासांत मरतात. सकाळी टँक २५.५ होता. केलेली कामं : दिवे बंद. पडदे सकाळी सातला ओढले. वरची काच काढून जाळी उघडी आणि जाळीवरून आडवा छोटा पंखा, दर तासाला मिस्टिंग, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आर्द्रता ६५ पर्यंत पडते, दोन दिवस चालतं. टँकवर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. पिल्लांचे डबे छोटे म्हणून पटकन तापतात, ते जिन्याखालच्या कपाटात फरशीवर, तिथे २४.

दुपारी चार वाजता टँक २७.८. त्याच्या वर गेला नाही. वाईट झालं ते चिलटांचं, वॉशिंग मशीनच्या खोलीत ३१, दोन डबे उकडून मेले आणि हायडेईचा तर सगळा बहर गेला.

२७ जुलै

ब्रोमेलियाडमधलं पिल्लू स्वतःहून बाहेर आलं, मी कपही तिरका केला नाही. पुढचे पाय दणकट. एकावरून सिद्धांत मांडायचा नाही हे मला कळतं, पण बाहेरच्या पिल्लांपेक्षा आल्या आल्या ते तरतरीत आहे, पहिल्या दिवसापासून पानांत स्प्रिंगटेल शोधतंय, आणि आईबाप त्याला काही करत नाहीत. वाटीतलं अजून पाण्यात. सहा अंड्यांतली दोन पिल्लं, बाहेरच्या पाचातली दोन. म्हणजे माझे कप, काढे, पाणी बदलणं हे सगळं करून हिशोब साधारण तिथेच आला. इथून पुढे अंडी आतच राहतील, बुरशी लागली तरच हात घालायचा.

१६ ऑगस्ट

पुण्याहून मामेभावाचा मेसेज, "ताई, येताना दोन आण ना, डब्यात लपवून." नाही आणणार, आणि का ते त्याला सविस्तर लिहिलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मधे साइटिसवाले प्राणी आले, २०२४ च्या नियमांनी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आली, आयातीचा परवाना वेगळा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बाहेरचा बेडूक म्हणजे बाहेरची बुरशी, सह्याद्रीच्या दारात.

वर त्याला म्हटलं, अरे बेडूकच बघायचेत तर तुझ्यापासून चार तासांवर आहेत. कोयनेजवळ हुंबर्लीला बॉम्बे नाइट फ्रॉगवर बेडूक-अभ्यासक एस. डी. बिजूंच्या टीमने काम केलं आणि २०१६ मधे छापलं, नर मादीला मिठी मारतच नाही, पानावर हात टेकून तिच्या पाठीवर नुसता बसतो, तोपर्यंत बेडकांत माहीत नसलेली मिलनाची सातवी पद्धत. त्यात मादीही आवाज काढते. ओढ्यावरच्या पानाला अंडी चिकटवतात आणि बेडूकमासे खाली पाण्यात पडतात. पावसात टॉर्च घेऊन जा, नाहीतर आंबोलीला जा. बूट निर्जंतुक करून जा, फ्लॅश मारू नको, उचलू नको. त्याने अंगठा पाठवला. जाईल असं वाटत नाही.

२७ सप्टेंबर

टँक २ ला विश्रांती. मादी उन्हाळाभर घालत होती, अंगाने उतरली आहे. पेट्री डिश काढल्या, मिस्टिंग दिवसातून चारदाचं एकदा, खाणं तेवढंच, रात्रीचं तापमान १९. दोन-तीन महिने असं ठेवलं की घालणं थांबतं.

पिल्लं एकूण चार, वाटीतलं ऑगस्टमधे बाहेर आलं. सगळी मेलॅनोगॅस्टर खातात. बाहेरच्या बॅचची दोन काकांकडे दिली, त्यांच्या दुसऱ्या लाइनला जोड लागणार होती. कागद मी केला, माझी पहिली सही देणाऱ्याच्या जागी. काकांनी पिल्लं भिंगातून बघितली, पुढचे पाय बघितले, "अच्छा बा" म्हणाले, आणि बदल्यात काय पाहिजे विचारलं. पिल्लू, पैसे, ब्रोमेलियाड?

हायडेईचे तीन डबे घेऊन आले, माझे जुलैपासून परत नीट आलेच नाहीत. ट्रेनमधे मांडीवर, झाकणावर काकांच्या अक्षरात तारीख. आज रविवार नाही, तरी रात्रीच लावून टाकते.